कोरा चहा, कोट-टायमधला

भिवंडीत ‘पिशवीतला चहा’ म्हटलं की त्याचे दोन अर्थ होतात. कुठला घ्यायचा ते तुम्ही कुठल्या रस्त्यावर उभे आहात त्यावर अवलंबून.

यंत्रमागांच्या गल्लीत असाल तर पिशवीतला चहा म्हणजे पार्सल. टपरीवाला पातळ प्लॅस्टिकच्या थैलीत उकळता चहा ओततो, वर गाठ मारतो, सोबत चार-पाच इवलाले कप देतो आणि पोऱ्या ते घेऊन कारखान्यात पळतो. मागावरच्या माणसाला चहासाठी बाहेर पडणं परवडत नाही. एकेक जण चार-सहा माग सांभाळतो, मजुरी मीटरवर, धागा तुटला की माग थांबतो आणि माग थांबला की मीटर थांबतो. म्हणून चहाच त्याच्याकडे येतो.

हेच तुम्ही नाशिक हायवेच्या बाजूला, माणकोली, दापोडे, वळ इकडच्या गोदामांच्या पट्ट्यात एखाद्या एसी केबिनमध्ये बसलेले असाल, तर पिशवीतला चहा म्हणजे दोऱ्याला लोंबकळणारी कागदी पुडी. मगात गरम पाणी (गरमच, उकळतं नव्हे), त्यात ती पुडी, बाजूला साखरेचं पाकीट. पुडीवर लिहिलेलं असतं ‘इंग्लिश ब्रेकफास्ट’. न्याहारी कुणी केलेली नसते आणि इंग्रज तर पंचक्रोशीत नसतो.

मला भांडायचंय ते या दुसऱ्या पिशवीशी. मंडळी, आधीच सांगतो, मी दुधाच्या चहाचा कट्टर भक्त वगैरे नाही. कोरा चहा मला मनापासून आवडतो, सकाळचा पहिला कप मी कोराच घेतो. म्हणून तर राग येतो. आपल्याकडे ही पिशवी जशी विकतात आणि जशी बुडवतात, तशी ती चवीला फुळकवणी आहे आणि पैशाच्या हिशोबाने चक्क लूट आहे. तरीही ती खपते, कारण तिच्यामुळे आपल्याला कोरा चहा पिताना लाज वाटत नाही.

ही लाज काय होती ते पस्तिशीच्या आतल्या भाचरांना ठाऊक नसेल, म्हणून थोडं सांगतो. माझं आजोळ भिवंडी तालुक्यातच, पडघ्याच्या पुढे. आजीकडे एक म्हैस होती, पण तिचं दूध घरात प्यायला नव्हतं, विकायला होतं. घरच्यांचा चहा कोरा. पातेल्यात पाणी, परसातल्या गवती चहाच्या दोन पाती गाठ मारून टाकलेल्या, गुळाचा खडा, आणि आधण आलं की पूड टाकून लगेच चुलीवरून खाली, वर ताटली. दोन-तीन मिनिटांनी फडक्यातून गाळायचा. रंग असा की पितळी दाखवावं. आजूबाजूच्या वाड्यांवरही हाच चहा. पण पाहुणा दारात दिसला की आजीची धांदल उडायची. वाटी घेऊन मला शेजारी पिटाळायची, ‘वाटीभर दूध आण, म्हणावं संध्याकाळी देते’. पाहुण्यापुढे कोरा चहा ठेवणं म्हणजे घरात दूध नाही हे उघड करणं. एकदा शेजारीही दूध मिळालं नाही तेव्हा आजीनं पाहुण्याला ताक दिलं, पण कोरा चहा नाही दिला.

आता तोच चहा, गूळ वजा, गवती चहा वजा आणि बरीचशी चवही वजा करून, दोऱ्याला बांधून पाहुण्यापुढे येतो आणि यजमान विचारतात, ‘ब्लॅक टी चालेल ना?’ चालेल की! न चालायला काय झालं? पण मग आजीचा चहा का चालत नव्हता, एवढंच मला कुणीतरी सांगावं.

गंमत अशी की ज्यांच्या नावानं हा कोट-टाय घातलाय, ते स्वतः हा चहा कोरा पीत नाहीत. इंग्लिश ब्रेकफास्ट हे कुठल्या मळ्याचं किंवा जातीचं नाव नाही. ते मिश्रण आहे आणि त्याची ठरलेली अशी कृतीही नाही. प्रत्येक कंपनी आपापलं जमवते. बहुतेकांत आसाम असतो, सिलोन असतो, केनियाचा असतो. आसाम अंगाला, सिलोन तरतरीला, केनिया रंगाला, असा साधारण हिशोब. हे मिश्रण मुद्दाम कडक ठेवतात, कारण इंग्रज माणूस त्यात दूध ओतणार हे गृहीत धरलेलं असतं. दूध पडल्यावरही चहा चहाच लागला पाहिजे. जॉर्ज ऑर्वेलनं १९४६च्या जानेवारीत एका वर्तमानपत्रात चांगल्या चहाचे ११ नियम लिहिले होते. त्यात चहा भारतातला किंवा सिलोनचा हवा, कडक हवा, पाणी उकळतंच हवं, साखर नको, दूध कपात मागाहून घालायचं, हे सगळं आहे. आणि चहा किटलीत मोकळा टाकायचा, गाळणी, कापडी पुडी असलं काही नको, हेही आहे. (ऑर्वेल जन्मला बिहारात, मोतिहारीला. त्यामुळे त्याला निम्मा आपलाच समजायला हरकत नसावी.)

म्हणजे केबिनमधला साहेब जो दूध नसलेला, पुडीतला, कोमट पाण्यातला इंग्लिश ब्रेकफास्ट इंग्रजी म्हणून पितो, तो ऑर्वेलच्या तीन-चार नियमांत एका झटक्यात नापास.

इथे आमच्या लेस्टरच्या ताईचा आक्षेप येणार, मला माहितेय. ती दर दोन वर्षांनी येते तेव्हा बॅगेत यॉर्कशायर टीचा मोठा खोका असतो, आणि ती म्हणते, ‘अरे, आमच्याकडे सगळेच पिशवीचा पितात. तुमची ही कटिंग म्हणजे नुसती बासुंदी.’ ताईचं अर्धं बरोबर आहे. इंग्लंडात आज जवळजवळ सगळा चहा पिशवीतूनच होतो. टेटलीनं १९५३ साली तिथे पिशव्या आणल्या आणि हळूहळू किटल्या कपाटात गेल्या. तिच्या हातचा पिशवीचा चहा मी प्यायलोय आणि तो उत्तम होता, हे इथे लेखी कबूल करतो. कडक, माल्टचा वास असलेला, जिभेला धरणारा.

पण तिची पिशवी आणि आपली पिशवी एक नव्हे. तिच्या खोक्यावर लिहिलंय, ८० पिशव्या, २५० ग्रॅम. म्हणजे एका पिशवीत ३ ग्रॅमहून थोडा जास्तच चहा. आपल्याकडचा कुठलाही डबा उचलून मागे बघा. २५ पिशव्या, ५० ग्रॅम. २ ग्रॅम, क्वचित त्याहूनही कमी. ती तिच्या मगात २५० मिली पाणी घेते. आमच्या ऑफिसातले कंपनीचं नाव छापलेले मग मी मोजून पाहिले, तेही नेहमी तेवढेच भरले जातात. पाणी तेवढंच, चहा दोन तृतीयांश. शिवाय तिची विजेची किटली पाणी खळखळ उकळून मगच बंद होते. आमच्या मशीनच्या लाल नळातून येणाऱ्या पाण्यात मी घरचं थर्मामीटर बुडवलं तर ८१ अंश, आणि ते मगात पडेपर्यंत आणखी खाली. भिवंडी समुद्रसपाटीला लागून, इथे पाणी शंभराला उकळतं, हिमालयासारखी सबब नाही. काळ्या चहाला उकळतं पाणीच लागतं. ऐंशीच्या पाण्यात रंग येतो, थोडा तुरटपणा येतो, पण अंग येत नाही. मग तो रंग बघून माणूस समजतो झाला चहा, आणि ४० सेकंदांत पिशवी काढून बशीत टाकतो.

चहा चाखणाऱ्या तज्ज्ञांसाठी एक आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, आयएसओ ३१०३. त्यात दर १०० मिली पाण्याला २ ग्रॅम चहा, ताजं उकळतं पाणी आणि ६ मिनिटं, असं लिहिलंय. (ज्या ब्रिटिश प्रमाणावर ते आधारलंय त्याला १९९९ साली इग-नोबेल हे विनोदी पारितोषिक मिळालं, चहा कसा करावा यावर सहा पानं लिहिल्याबद्दल!) आता हे प्रमाण नमुने तपासायला आहे, रोज प्यायला इतका कडक चहा नको हे मलाही मान्य. पण त्या मापानं आपली २ ग्रॅमची पिशवी १०० मिलीची होते. थोडक्यात, एका कटिंगची. आपण ती अडीचशे मिलीत बुडवतो, आणि काही थोर माणसं तीच पिशवी दुसऱ्या मगातही बुडवतात.

‘पिशवीत काय, झाडलोट असते’, असं सगळे म्हणतात. त्या आरोपात मी सामील होणार नाही. डस्ट ही चहाची एक प्रत आहे, बारीक चाळणीतून पडणारी. तिचा झाडूशी काही संबंध नाही. आपली टपरी डस्टवरच चालते, कारण बारीक कण पटकन रंग सोडतो. १९३०च्या सुमारास आसामातल्या आमगुरी मळ्यावर विल्यम मॅककर्चर या व्यवस्थापकानं पान चिरडून, फाडून, वळवून गोळी करायचं यंत्र काढलं. तेच सीटीसी. आपण ज्याला ममरी म्हणतो ती गोळी त्यातूनच निघाली. स्वातंत्र्यानंतर ती देशभर पसरली आणि एका किलोत पूर्वीपेक्षा बरेच जास्त कप निघू लागले. चहा गरिबाच्या घरात पोचला तो या बारीक कणाच्या जोरावर. तेव्हा बारीक आहे म्हणून वाईट, हे मला पटत नाही. तोच बारीक कण टपरीवर दहा मिनिटं खळखळ उकळतो आणि पुडीत मात्र ऐंशीच्या पाण्यात अर्धा मिनिट पोहतो, एवढाच फरक आहे.

आणि पुडीत तो पोहतो तरी कुठे म्हणा. आम्ही भिवंडीकर कापडवाले, वीण बघितल्याशिवाय राहवत नाही. चहाच्या पिशवीचं जुनं अमेरिकन पेटंट मिलवॉकीच्या दोन बायकांचं, रॉबर्टा लॉसन आणि मेरी मॅकलॅरेन. अर्ज १९०१चा, मंजूर १९०३ला. त्यांनी सुती धाग्याची मोकळ्या विणीची जाळी सुचवली होती. एका कपासाठी अख्खी किटली करून चहा वाया घालवू नये, हा त्यांचा उद्देश. (न्यूयॉर्कच्या सलिव्हन नावाच्या व्यापाऱ्यानं रेशमी पुड्यांतून नमुने पाठवले आणि गिऱ्हाइकांनी त्या तशाच पाण्यात टाकल्या, ही १९०८ची गोष्ट जास्त लोकप्रिय आहे. बायकांचं पेटंट मागे पडतं आणि पुरुषाचा अपघात लक्षात राहतो, असं होतंच.) त्या जाळीतून पाणी आत-बाहेर खेळत असणार. आजची चपटी पुडी कागदाची. पान ओलं झालं की फुगतं, त्याला जागा लागते. चपट्या पुडीत ती नाही, म्हणून मग बारीकातला बारीक कण भरायचा, म्हणजे फुगायचा प्रश्नच मिटला. यात मोकळं, मोठं, सुवासिक पान घालून उपयोग नसतो आणि कुणी घालतही नाही. त्रिकोणी, पारदर्शक, ऐटबाज पिशव्यांत जागा असते. त्यांपैकी काही नायलॉनच्या किंवा पॉलिएस्टरच्या असतात. त्यातून सुटणाऱ्या प्लॅस्टिकच्या सूक्ष्म कणांवर कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचा २०१९चा अभ्यास गाजला, आकडा अब्जांत होता, आणि नंतर तो फुगलेला आहे असंही इतर शास्त्रज्ञ म्हणाले. मी तो मुद्दा ताणणार नाही. आमच्या गल्लीत उकळता चहा पातळ थैलीत घेऊन पळणारा पोऱ्या २०१८च्या प्लॅस्टिकबंदीनंतरही दिसतो, त्यामुळे प्लॅस्टिकवरून दुसऱ्याला शिकवायला मला तोंड नाही.

आता पैसे. हा भाग माझ्या धंद्याचा, कारण मी हिशोबनीस.

२०२४ साली देशातल्या लिलावांत चहाची सरासरी किलोला २०० रुपयांच्या आसपास होती. त्या भावानं २ ग्रॅम चहा म्हणजे ४० पैसे. परदेशी नावाचा इंग्लिश ब्रेकफास्टचा २५ पिशव्यांचा डबा मला कल्याणला अडीचशेला मिळाला. १० रुपयांची एक पिशवी, ५ हजार रुपये किलो! देशी कंपनीचा डबा स्वस्त, तरी किलोचा हिशोब केला तर सुट्या चहाच्या दीड-दोनपट भरतोच. बरं, सुटा चांगला आसाम, अगदी जपून निवडलेला, सहाशे-सातशे रुपये किलोनं मिळतो. त्याचे ३ ग्रॅम घातले तरी कप दोन रुपयांच्या आसपास, आणि तो कप अडीचशे मिलीला पुरतो. मधले आठ रुपये दोरा, लेबल, कागदी पाकीट, खोका आणि ‘इंग्लिश’ या शब्दाचे. मळ्यात पान खुडणाऱ्या बाईकडे यातलं काही जात नाही. आसामात ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या मळ्यांत ऑक्टोबर २०२३ला दिवसाची मजुरी ठरली २५० रुपये. माझ्या त्या डब्याची किंमत तेवढीच. तिचा एक दिवस, माझे ५० ग्रॅम.

इंग्लिश हा शब्द तरी किती खरा आहे बघा. टेटली २००० साली टाटांनी २७ कोटी १० लाख पौंडांना विकत घेतली, म्हणजे इंग्लंडला पिशवी लावणारी कंपनी पाव शतकापासून मुंबईकर आहे. पिकवतो आपण, पितो आपण (देशात पिकणाऱ्या चहातला ऐंशी टक्क्यांच्या आसपास देशातच संपतो), आणि नाव मात्र दुसऱ्याच्या न्याहारीचं.

एवढं सगळं लिहायला निमित्त काय, ते आता सांगतो. मी ज्या गोदामाचे हिशोब लिहितो तिथे गेल्या पावसाळ्यात एक परिपत्रक निघालं. नाव सांगत नाही, नोकरी आहे. आमच्याकडे सकाळी दहा आणि दुपारी चारला एक चहावाला किटली घेऊन आत यायचा. उत्तर प्रदेशातला, इथेच वाढलेला, गेली कित्येक वर्षं. ऑफिसात बारा जण, आत हमाल, लोडर, पॅकिंगच्या बायका मिळून चाळीसेक माणसं. परिपत्रकात लिहिलं की स्वच्छता आणि सुरक्षा या कारणांसाठी बाहेरच्या विक्रेत्याला गेटच्या आत मनाई. त्याऐवजी गरम पाण्याचं मशीन आणि ‘प्रीमियम ब्रेकफास्ट टी बॅग्ज’, सगळ्यांना मोफत. खाली टीप, प्रतिमाणशी दिवसाला दोन.

पहिल्या महिन्यानंतर खर्चाचा तक्ता माझ्याकडे आला. चहाचा खर्च निम्म्याहून खाली! वरच्या मजल्यावर आनंदीआनंद. मी पिशव्यांचा साठा तपासला. ऑफिसातल्या बारा जणांचा खप अंदाजाइतका. आतल्या चाळीस माणसांचा खप जवळजवळ शून्य. म्हणजे पिशवी स्वस्त पडली असं झालेलंच नव्हतं. माणसांनी चहा पिणं सोडलं होतं, आणि ते बचत म्हणून मांडलं गेलं होतं.

का सोडला हे विचारायला मी आत गेलो. एक मावशी म्हणाल्या, ‘साहेब, हे औषधासारखं लागतं हो. पोटाला काही आधारच नाही.’ ही आधाराची गोष्ट केबिनमध्ये कळत नाही. जो माणूस सकाळी सहाला घरून निघून पत्र्याच्या शेडखाली गाडी खाली करतो, त्याला दहाच्या चहात दूध आणि साखर हवी असते, कारण बाराच्या डब्यापर्यंत त्याच्या पोटात तेवढंच असतं. कोरा चहा माझ्यासारख्या दिवसभर बसणाऱ्या आणि नाश्ता करून आलेल्या माणसाला ठीक. आता ही माणसं दुपारच्या सुट्टीत उन्हातून किंवा पावसातून हायवेपर्यंत चालत जातात, ट्रकमधून वाट काढत रस्ता ओलांडतात, स्वतःच्या खिशातले दहा रुपये देतात आणि अर्धी सुट्टी संपवून परत येतात. सुरक्षेसाठी काढलेल्या परिपत्रकाचा हा परिणाम!

स्वच्छतेचं म्हणाल तर चहावाल्याचा चहा खळखळ उकळलेला असे. मशीनची टाकी कोण कधी धुतं ते मला अजून कळलेलं नाही. आणि पुडीला दोरा लावायला पूर्वी स्टेपलची पिन असायची, ती नको असा आदेश अन्नसुरक्षा प्राधिकरणाला २०१७ मध्ये काढावा लागला होता, हेही परिपत्रक लिहिणाऱ्यांनी वाचायला हरकत नाही.

पावसाळ्याचा एक मुद्दा राहिलाच. भिवंडीत ही गोदामं का आली ते सगळ्यांना माहीत आहे, मुंबईची जकात चुकवायला. जकात २०१७च्या जुलैत गेली, गोदामं मात्र वाढतच राहिली. आज अर्ध्या महामुंबईचा किराणा इथल्या पत्र्याखालून जातो. चहा हा पदार्थ भयंकर शोषक. ओल ओढतो, वास ओढतो. शेजारी अगरबत्ती असली तर अगरबत्ती, साबण असला तर साबण. जितका कण बारीक तितका लवकर, कारण हवा लागायला अंग जास्त. जून ते सप्टेंबर आमच्याकडे हवेत पाणी तरंगत असतं. ज्या पिशव्यांना स्वतंत्र चंदेरी पाकीट नाही, नुसत्या पुठ्ठ्याच्या खोक्यात शंभर एकत्र, त्या ऑगस्टमध्ये हुंगून बघा. मी आमच्या पँट्रीतला खोका हुंगला तर त्याला फरशी पुसायच्या द्रवाचा वास, कारण त्याच कपाटात तो ठेवलेला. घरात आपण पूड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो. पिशव्यांचा खोका मात्र उघडाच राहतो, तो दिसावा म्हणून.

पिशवीला काहीच जागा नाही असं मी म्हणत नाही. रात्रीच्या रेल्वे प्रवासात, दवाखान्यात पेशंटजवळ बसलेल्याला, हॉस्टेलवरच्या पोरांना ती उपयोगी आहे. आमच्या काकूंना गाळणी धुवायचा कंटाळा येतो, सांधे दुखतात, त्या पिशवी वापरतात आणि त्यांना कुणी बोलू नये. (काकू, तुम्ही वाचताय ना? तुमच्यावर नाहीये हे.) फक्त त्यांनाही सांगेन, पाणी खळखळ उकळलेलं घ्या, मग लहान घ्या, चार मिनिटं वर बशी झाका आणि पिशवी पिळू नका, पिळली की नुसता कडूपणा उतरतो. मधुमेहामुळे दूध-साखर सोडलेल्या मामांनी मला विचारलं होतं, की डॉक्टरांनी ब्लॅक टी सांगितलाय तर कुठल्या कंपनीची पिशवी आणू. मामा, कुठलीच नको. घरात सुटा चहा आहे तोच वापरा. आधण येऊ दे, गॅस बंद करा, कपाला एक सपाट चमचा, झाकण, तीन मिनिटं, गाळा. पूड घालून उकळत मात्र ठेवू नका. दुधाच्या चहात तुरटपणा दूध सांभाळून घेतं, कोऱ्यात तो सगळा जिभेवर येतो. गवती चहाची पात टाकली तर साखरेची आठवणही कमी येते. याला ब्लॅक टी म्हणायचं की कोरा ते तुम्ही ठरवा.

ऑफिसात मी मागच्या आठवड्यात एक कागद दिलाय. भावनेला हात घालणारं त्यात काही लिहिलं नाही, तीन रकाने आखले. पहिल्यात मशीनचं भाडं, पिशव्या आणि कागदी कप मिळून बारा माणसांचा प्रत्यक्ष खर्च, जो प्रतिकप चहावाल्याच्या कटिंगपेक्षा जास्त येतो. दुसऱ्यात, चहावाल्याला गेटवर ओळखपत्र देऊन दहा आणि चारला वीस-वीस मिनिटं आत सोडलं तर बावन्न माणसांचा खर्च. तिसऱ्यात, तेही नको असेल तर पर्याय, एक गॅसची शेगडी, एक मोठं पातेलं, महिन्याला सुटा चहा, दूध, साखर आणि ते करायला पॅकिंगमधल्याच एका बाईंना रोजचे दोन तास. साहेबांनी कागद ठेवून घेतला, म्हणाले बघू. मग घंटी वाजवून माझ्यासाठी चहा मागवला. आला तो दोऱ्यासकट.